बुद्धीची उसनवारी

मुंबई बेटावरील माणसांचा व वाहनांचा ताण हलका व्हावा, यासाठी खाडीपलीकडे एक नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली मांडली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि मिठागरे, भातशेती व आगरी-कोळ्यांची गावे यांच्यामधून आखीव रस्त्यांचे आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सेक्टरांचे नवी मुंबई शहर उभे राहिले. ताण कमी करण्यासाठी जन्मलेल्या या शहरात ताण नाहीसा झाला नाही. त्याने केवळ जागा बदलली. वाशी, नेरुळ, खारघर या स्थानकांच्या परिसरात दिवेलागणीला पाठीवर दप्तर घेऊन क्लासकडे निघालेली मुले दिसतात. त्याच सुमारास ऐरोली व महापे येथील संगणक-कंपन्यांच्या इमारतींत रात्रपाळीचे कर्मचारी दाखल होत असतात. अमेरिकेतील कचेऱ्या उघडतात तेव्हा त्यांचा दिवस सुरू होतो. विद्यार्थ्याला मध्यरात्रीनंतरही रसायनशास्त्राचे एक प्रकरण संपवायचे असते आणि कर्मचाऱ्याला पहाटे चार वाजता दूरदेशीच्या ग्राहकाशी सावध आवाजात बोलायचे असते. दोघांचीही अडचण एकच आहे. दिवसाचे तास चोवीसच आहेत आणि शरीर झोप मागते.

अशा माणसासमोर एखादी गोळी आली आणि ती घेतल्यास झोप येणार नाही, लक्ष विचलित होणार नाही, वाचलेले ध्यानात राहील, असे त्याला कोणी सांगितले, तर त्याने काय करावे? हा प्रश्न कल्पनेतला राहिलेला नाही. ‘नेचर’ या विख्यात विज्ञान नियतकालिकाने २००८ साली आपल्या वाचकांना याविषयी विचारले. साठ देशांतील १४०० जणांनी उत्तरे पाठविली आणि त्यांतील दर पाचांपैकी एकाने एकाग्रता वा स्मरण वाढविण्यासाठी, कोणताही आजार नसताना, औषध घेतल्याचे सांगितले. स्वखुशीने उत्तर देणाऱ्यांचे ते मत होते. त्यावरून साऱ्या जगाचे प्रमाण काढता येणार नाही. परंतु उत्तर देणारा वर्ग सुशिक्षित होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. या औषधांपैकी मोडाफिनिलच्या गोळ्या भारतातही बनतात आणि पाश्चात्त्य देशांतील विद्यार्थी संगणकाच्या जाळ्यावरून जो माल मागवितात, त्यात भारतीय मालाचा वाटा मोठा आहे. तेव्हा परक्यांचे हे खूळ आपल्या दारापर्यंत येणार नाही, या समजुतीत राहण्यात अर्थ नाही.

गोळीचा पूर्वेतिहास

या औषधांचा इतिहास शतकाहून जुना आहे. अँफेटामाइन हे द्रव्य १८८७ साली बर्लिनमध्ये लाझार एदेलेआनू या रुमानियन रसायनशास्त्रज्ञाने प्रथम तयार केले. १९३० नंतरच्या दशकात ते ‘बेंझेड्रिन’ या नावाने बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांना ‘पेर्व्हिटिन’ या नावाने त्याच कुळातील अधिक तीव्र द्रव्य देण्यात येत असे. जपाननेही हाच मार्ग पत्करला. युद्ध संपल्यावर जपानमध्ये हे द्रव्य ‘हिरोपॉन’ या नावाने औषधांच्या दुकानांत मिळत असे. थकवा व झोप घालविणारे औषध म्हणून त्याच्या जाहिराती होत. पराभवातून सावरण्यासाठी रात्रंदिवस खपणाऱ्या समाजाला ते हवेच होते. परिणामी व्यसनाची अशी साथ पसरली, की १९५१ साली जपान सरकारला स्वतंत्र कायदा करून त्यावर बंदी घालावी लागली. कामसू माणसाला अधिक काम करता यावे, म्हणून बाजारात ठेवलेली वस्तू एका पिढीला कशी भोवली, याचे हे उदाहरण आज विस्मरणात गेले आहे.

मेथिलफेनिडेट हे औषध १९४४ साली बाझेल येथील सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझ्झोन यांनी तयार केले. त्यांच्या पत्नीचे लाडके नाव रीटा. त्यावरून औषधाला ‘रिटालिन’ हे नाव मिळाले. मोडाफिनिल त्या मानाने अलीकडचे. ते फ्रान्समध्ये विकसित झाले आणि अमेरिकेत १९९८ साली त्याला मान्यता मिळाली, तीही दिवसा अनावर झोपेचे झटके आणणाऱ्या नार्कोलेप्सी या विकारासाठी. तेथील ज्या कंपनीने हे औषध विकले, तिने मान्यता नसलेल्या कारणांसाठीही त्याचा आणि आपल्या अन्य दोन औषधांचा प्रसार केला. २००८ साली तिला अमेरिकन सरकारशी तडजोड करून ४२ कोटी ५० लक्ष डॉलर मोजावे लागले. निरोगी माणसाला औषधाची गरज भासविण्यात केवढा व्यापार दडलेला आहे, याची कल्पना या रकमेवरून यावी.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ज्या मुलाला चित्त एका जागी ठेवणे खरोखरच अशक्य होते आणि ज्याच्या विकाराला डॉक्टर एडीएचडी म्हणतात, त्याला मेथिलफेनिडेट हे वरदान ठरू शकते. नार्कोलेप्सीच्या रुग्णाला मोडाफिनिलमुळे चारचौघांसारखे जगता येते. अशा रुग्णांनी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली औषध घेण्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. उलट लोकापवादाच्या भयाने ते बंद करणे हेच घातक होय. वादाचा विषय निरोगी माणसाचा आहे. पांगळ्याला कुबडी देणे आणि धावणाऱ्याने शर्यतीत चाके बांधून घेणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

काय मिळते, काय जाते

निरोगी माणसाची बुद्धी या गोळ्यांनी वाढते काय, हा पहिला प्रश्न. याबाबत झालेले प्रयोग उद्बोधक आहेत. जर्मनीतील संशोधकांनी ३९ बुद्धिबळपटूंना मोडाफिनिल, मेथिलफेनिडेट, कॅफीन किंवा औषध नसलेली नुसती गोळी देऊन संगणकाशी प्रत्येकी पंधरा मिनिटांचे डाव खेळावयास लावले. २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की औषध घेतलेले खेळाडू प्रत्येक चालीवर अधिक वेळ विचार करू लागले आणि त्यामुळे घड्याळाचा काटा संपून अधिक डाव हरले. वेळ संपल्यामुळे गेलेले डाव वगळले, तर मात्र त्यांचा खेळ थोडा सुधारलेला दिसला. म्हणजे विचार करण्यास अमर्याद वेळ असेल, तर लाभ. वेळ मोजून दिलेला असेल, तर तोटा. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत २०२५ साली १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे मर्म परीक्षार्थींना निराळे सांगावयास नको.

२०२३ साली मेलबर्न व केंब्रिज येथील संशोधकांनी चाळीस निरोगी तरुणांवर केलेला प्रयोग याहून बोलका आहे. मर्यादित वजन पेलणाऱ्या पिशवीत कोणत्या वस्तू भराव्या म्हणजे तिचे मोल सर्वाधिक होईल, अशा स्वरूपाची गणिते त्यांना घालण्यात आली. औषध घेतल्यावर त्यांनी अधिक वेळ दिला, अधिक खटपट केली; पण ती खटपट अधिक स्वैर होती आणि तिचा दर्जा उतरला. जे तरुण एरवी सरासरीहून चांगले उत्तर काढीत, त्यांच्यापैकी अनेक जण औषधाच्या अमलाखाली सरासरीखाली घसरले. दहा वर्षांपूर्वी, २०१३ साली, अमेरिकेतील दुसऱ्या एका प्रयोगात अँफेटामाइन घेतलेल्या ४६ निरोगी व्यक्तींच्या कामगिरीत म्हणण्याजोगा फरक पडला नव्हता; पण आपली कामगिरी सुधारली आहे, असे त्यांना स्वतःला मात्र वाटत होते.

हे तीन प्रयोग एकत्र ठेवले, की चित्र स्पष्ट होते. गोळी जाग देते, हुरूप देते आणि ‘आपले छान चालले आहे’ हा भरवसा देते. समज ती देत नाही. झोप मोडलेल्या माणसाला ती काही तास उभे ठेवू शकते, ही गोष्ट खरी आहे आणि ती नाकारू नये. परंतु दिवसा वाचलेले स्मरणात पक्के बसण्याचे काम मोठ्या अंशी झोपेतच होत असते. झोप मारून केलेला अभ्यास म्हणजे ऋण काढून केलेला सण. सणाच्या दिवशी घर उजळते आणि सावकार मागाहून येतो.

हंगेरियन गणिती पॉल एर्डश यांचा दाखला या औषधांचे समर्थक नेहमी देतात. आयुष्याच्या उत्तरार्धात ते नियमित अँफेटामाइन घेत. १९७९ साली त्यांचे मित्र रॉन ग्रॅहॅम यांनी महिनाभर औषधावाचून राहून दाखविण्याची पाचशे डॉलरची पैज लावली. एर्डश यांनी ती जिंकली. पण त्या महिन्यात आपल्या हातून काहीच काम झाले नाही, गणित एक महिना मागे पडले, अशी तक्रार केली आणि पुन्हा गोळ्या सुरू केल्या. ही गोष्ट औषधाच्या बाजूची म्हणून सांगितली जाते. वस्तुतः तिच्यातून उलटाच बोध निघतो. त्यांची असामान्य प्रतिभा गोळीच्या कितीतरी आधीची होती. विशीतच त्यांचे नाव झाले होते. गोळी सुटली तेव्हा कोरा कागद कोराच राहिला, हे औषधाने बुद्धी वाढल्याचे लक्षण नसून औषधावाचून बुद्धी चालेनाशी झाल्याचे आहे.

शरीराला मोजावी लागणारी किंमत वेगळीच. अँफेटामाइन वर्गातील द्रव्ये आणि मेथिलफेनिडेट यांनी नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो, भूक मरते, झोप उडते, मन अस्वस्थ होते. काहींना भ्रम होऊ लागतात. सवय जडण्याचा धोका तर उघडच आहे. मोडाफिनिल त्या मानाने सौम्य समजले जाते. परंतु डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश यांखेरीज क्वचित त्वचा सोलवटून टाकणारा प्राणघातक विकारही त्याने उद्भवतो. याच भीतीमुळे, २००६ साली अमेरिकेत ते लहान मुलांना देण्याचा प्रस्ताव तज्ज्ञांच्या समितीने अमान्य केला. संततिनियमनाच्या गोळ्यांचा परिणाम मोडाफिनिलमुळे उणावतो आणि गर्भावस्थेत ते घेतल्यास बाळाला व्यंगाचा धोका संभवतो. रात्रपाळी करणाऱ्या तरुण स्त्रियांना ही गोष्ट कोणी सांगितलेली असते काय? मैत्रिणीने दिलेल्या अर्ध्या पट्टीसोबत माहितीपत्रक येत नाही. शिवाय अठराव्या वर्षी मेंदूची घडण पूर्ण झालेली नसते. त्या वयात वर्षानुवर्षे ही औषधे घेणाऱ्या निरोगी मुलाचे पुढे काय होईल, याचा प्रयोग त्या मुलानेच स्वतःच्या देहावर का करावा?

चहा चालतो, मग गोळी का नको?

समर्थकांचा एक युक्तिवाद मात्र विचारात घेण्याजोगा आहे. २००८ सालीच हेन्री ग्रीली, बार्बरा साहाकियन आदी विद्वानांनी ‘नेचर’मध्ये असे प्रतिपादन केले, की जाणत्या प्रौढ माणसाला अशी औषधे घेण्याची मुभा असावी, मात्र सुरक्षिततेची खात्री व्हावी, कोणावर सक्ती होऊ नये आणि अन्याय टाळला जावा. लेखनकला, मुद्रण, चष्मा, चहा-कॉफी या सर्वांनी माणसाची बौद्धिक शक्ती वाढविलीच ना? पहाटे अभ्यासाला बसलेल्या मुलाला आई चहाचा कप आणून देते, तेव्हा कोणी तिला दोष देत नाही. श्रीमंताचा मुलगा लाखो रुपयांचा क्लास लावतो आणि गरिबाचा मुलगा सार्वजनिक अभ्यासिकेतील दिव्याखाली बसतो. ही विषमता ज्या समाजाने मुकाट्याने स्वीकारली, त्याने एका स्वस्त गोळीवर एवढा गहजब का करावा?

या प्रश्नाला ‘गोळी कृत्रिम आहे’ एवढे उत्तर पुरेसे नाही; चष्माही कृत्रिमच आहे. फरक दोन ठिकाणी आहे. चष्म्याने एकाला दिसू लागले म्हणून शेजाऱ्याची दृष्टी कमी होत नाही. परीक्षेतला क्रमांक ही मात्र अशी वस्तू आहे, की ती एकाला मिळाली म्हणजे दुसऱ्याची जाते. २०२४ साली नीटसाठी सुमारे चोवीस लाख विद्यार्थ्यांनी नाव नोंदविले आणि एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. उद्या सर्वच्या सर्व चोवीस लाखांनी गोळी घेतली, तरी एकही जागा वाढणार नाही आणि कोणाचाही क्रमांक पुढे सरकणार नाही. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात पहिली रांग उभी राहिली, तर मागच्या सर्वांना उभे राहावे लागेल. नाटक कोणालाही अधिक चांगले दिसणार नाही, पाय मात्र सर्वांचे दुखतील. दुसरा फरक असा, की ज्याला उभे राहायचे नाही, त्याला बसून राहण्याचे स्वातंत्र्यच उरत नाही. गोळी घेण्याची मुभा आज एकाला दिली, की उद्या तिची सक्ती दुसऱ्यावर होते. कोणी फर्मान काढीत नाही. शेजारच्या घरातील दिवा पहाटे तीनपर्यंत जळत असलेला दिसतो, तेवढे पुरते. रात्रपाळीतही तेच. एकाने गोळीच्या जोरावर सलग दोन पाळ्या केल्या, की तोच कामाचा दंडक ठरू लागतो आणि निकोप शरीराने एक पाळी करणारा कामचुकार ठरतो. जाणत्या प्रौढाचे स्वातंत्र्य म्हणून ज्याची सुरुवात होते, ते दुसऱ्या प्रौढाचे स्वातंत्र्य हिरावूनच थांबते.

चहाचेही तसेच नाही काय, असे विचारता येईल. चहाची हानी अल्प आणि सर्वांना ठाऊक असते. त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. म्हणूनच तो आईच्या हातून येतो आणि गोळी चोरून घेतली जाते. जी गोष्ट आईपासून लपवावी लागते, तिच्याविषयी मुलाच्या मनाने आधीच निवाडा दिलेला असतो.

खेळाच्या क्षेत्राने हा प्रश्न केव्हाच सोडविला आहे. २००३ साली पॅरिस येथील जागतिक मैदानी स्पर्धेत शंभर व दोनशे मीटरच्या दोन्ही शर्यती जिंकलेल्या अमेरिकन धावपटू केली व्हाइट यांच्या तपासणीत मोडाफिनिल आढळले आणि पुढे त्यांची ती विजेतेपदे गेली. बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघालाही हेच नियम लागू आहेत. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकला, तो ज्या क्रीडाप्रकारात, तेथे स्पर्धेच्या वेळी मोडाफिनिल व मेथिलफेनिडेट निषिद्ध आहेत. भारतानेही २०२२ साली उत्तेजक-विरोधी कायदा केला. गंमत अशी, की पटावरच्या प्याद्यांसाठी लढणाऱ्याला जो नियम आहे, तो आयुष्यभराच्या पेशाचा निकाल लावणाऱ्या परीक्षेला नाही. महाराष्ट्राचा १९८२चा परीक्षांतील गैरप्रकारांना आळा घालणारा कायदा आणि केंद्राचा २०२४चा कायदा या दोहोंचा रोख प्रश्नपत्रिका फोडणे, उत्तरपत्रिकांत फेरफार करणे, तोतया बसविणे अशा प्रकारांवर आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने मात्र २०११ साली, चिठ्ठीवाचून घेतलेल्या औषधाच्या साह्याने अभ्यास करणे ही शैक्षणिक अप्रामाणिकता होय, असे आपल्या नियमांत लिहिले.

तसा नियम येथेही करावा काय? परीक्षेच्या दारात लाखो मुलांच्या लघवीची तपासणी करणे शक्य नाही आणि शक्य असले तरी शोभणारे नाही. आजारासाठी औषध घेणाऱ्या मुलाला त्यात विनाकारण चोरासारखे उभे राहावे लागेल. विद्यार्थ्याला गुन्हेगार ठरविण्याने हा प्रश्न सुटणार नाही. पण ही गोष्ट गैर आहे, एवढे तरी शाळा-महाविद्यालयांनी मोकळेपणाने बोलले पाहिजे. आज ते बोललेही जात नाही.

ब्राह्मीपासून बाटलीपर्यंत

बुद्धी वाढविण्याची आकांक्षा आपल्याकडे नवी नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पहिल्याच अध्यायात मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल व शंखपुष्पी ही चार मेध्य रसायने सांगितली आहेत. ब्राह्मीच्या तेलाची बाटली तर मराठी घरातील फळीवर पिढ्यान्‌पिढ्या आहे. ब्राह्मीवर आधुनिक पद्धतीने संशोधनही झाले. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने त्यात लक्ष घातले. तिचे जे थोडेफार गुण प्रयोगांत दिसले, ते अनेक आठवड्यांच्या नियमित सेवनानंतर दिसले. परीक्षेच्या आदल्या रात्री घेतल्याने चमत्कार घडतो, असे त्यांतून निघत नाही. तरीही परीक्षेचा हंगाम आला, की स्मरणशक्ती वाढविणाऱ्या चूर्णांच्या, सरबतांच्या व गोळ्यांच्या जाहिराती झडू लागतात आणि पालकांच्या धास्तीवर त्यांचा धंदा चालतो.

ज्यांना चरकाचा अभिमान आहे, त्यांनी त्याच अध्यायातील पुढचा भागही वाचावा. तेथे आचाररसायन सांगितले आहे. सत्य बोलणारा, क्रोध न करणारा, मद्यापासून दूर राहणारा, अतिश्रम न करणारा, शांत, आणि ज्याची झोप व जाग प्रमाणात आहे, अशा माणसाला औषधावाचूनही रसायनाचे फळ मिळते, असा त्याचा आशय आहे. प्राचीन वैद्याने झोपेला रसायनात स्थान दिले आणि आधुनिक शास्त्रानेही स्मरणाच्या बाबतीत तिचे महत्त्व मान्य केले. मध्ये आपणच तिला आळसाच्या खात्यात टाकले.

जबाबदारी कोणाची?

कायदा मुळीच नाही, असे नाही. मेथिलफेनिडेट हे १९८५च्या अमली द्रव्यविषयक कायद्याखाली येते आणि औषध नियमांच्या ‘एक्स’ परिशिष्टातही त्याचा समावेश आहे. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराने दोन वर्षे जपून ठेवायची असते. मोडाफिनिलही चिठ्ठीवाचून विकता येत नाही. नियम चांगले आहेत. पण ज्या देशात ओळखीच्या गिऱ्हाइकाला चिठ्ठी न मागता औषध देणे हा शेजारधर्म समजला जातो, तेथे नियमाचे बळ दुकानदाराच्या विवेकाएवढेच असते. कॅफीनयुक्त पेयांच्या बाबतीत महाराष्ट्र सरकारला २०२४च्या जुलै महिन्यात जाग आली. शाळांपासून पाचशे मीटरांच्या आत अशी पेये विकण्यास बंदी घालण्याचे तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधिमंडळात जाहीर केले. हेतू योग्य होता. मात्र शाळेभोवती पाचशे मीटरांचे वर्तुळ आखता येते. रात्री दोन वाजता मुलाच्या अभ्यासाच्या टेबलाभोवती असे वर्तुळ सरकारला आखता येत नाही. ते काम घराचे आणि शिक्षकाचे आहे.

पालकांनी मुलाच्या टक्क्यांची चौकशी करावी, तशी त्याच्या झोपेचीही करावी. वजन उतरले आहे, भूक लागत नाही, रात्रभर जाग आहे आणि तरीही उत्साह ओसंडून वाहतो आहे, ही अभ्यासूपणाची लक्षणे समजून शेजाऱ्यांजवळ कौतुक करण्यापूर्वी चार वेळा विचार करावा. शिक्षकांनी वर्गात एक तास या विषयाला द्यावा. गोळीची नावे घेतल्याने मुले बिघडतील, ही भीती व्यर्थ आहे, कारण ती नावे त्यांना शिक्षकांच्या आधी ठाऊक होतात. क्लासचालकांनी दिवसाचे चौदा तास अभ्यास केलेल्या विद्यार्थ्याचे फलक लावताना, तो झोपत केव्हा होता, हेही लिहिण्याचे धाडस करावे. आणि ज्या कंपन्या रात्री काम करवून घेतात, त्यांनी पाळ्यांच्या मध्ये पुरेशी विश्रांती देणे हे औषधापेक्षा स्वस्त व सरळ आहे, हे ओळखावे. झोपेची उणीव ही कामाच्या मांडणीतली चूक आहे. ती कर्मचाऱ्याच्या रक्तात गोळी मिसळून दुरुस्त करावयाची नसते.

वाशीत एका महाविद्यालयाला कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव आहे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या या पुरुषाने गरिबांच्या मुलांना अंगमेहनत करून शिकावयास लावले, ते केवळ फी भागावी म्हणून नव्हे. स्वतःच्या कष्टाने मिळविलेल्या विद्येबरोबर माणसाला स्वतःच्या शक्तीचा अंदाज येतो, आपण काय करू शकतो आणि कोठे थकतो हे कळते, ही शिक्षणातील मोठी कमाई आहे. गोळीच्या बळावर पुढे गेलेल्या तरुणाला नेमकी हीच गोष्ट कधी कळत नाही. उत्तीर्ण कोण झाले, आपण की औषध, हा संशय त्याच्याबरोबर राहतो आणि पुढच्या प्रत्येक कसोटीच्या वेळी हात पुन्हा त्याच पट्टीकडे जातो.

या तरुणांपैकीच काही उद्या डॉक्टर होतील आणि झोपेवाचून खंगलेला एखादा विद्यार्थी त्यांच्यासमोर येऊन बसेल. तेव्हा त्यांनी त्याला काय सांगावे, हे ठरण्याची वेळ तेव्हाची नाही. ती आजची आहे, आणि मुलाच्या खोलीतील दिवा मालवून ‘आता झोप, उरलेले सकाळी वाच,’ असे सांगणाऱ्या माणसाची आहे.